सर्व्हिसिंगनंतर मागच्या हबचा आवाज आणि ग्रीस-ऑइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचा एक्सल (दांडा) आणि बेअरिंग असलेला भाग, उघडला, साफ केला, ग्रीस भरून चाक परत बसवलं आणि आवाज बदलला, अशा तक्रारी सतत येतात. त्यात आवाज किती मोठा आहे हे सविस्तर लिहिलेलं असतं, पण तो नेमका केव्हा येतो हे बहुधा राहून जातं. निदानासाठी 'केव्हा' जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून तुमचा प्रश्न कुठलाही असो, आधी प्रश्न 2 वाचा.

1. पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते. हा बिघाड आहे का?

नाही, ती फ्रीहबची नेहमीची चाल आहे. कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, ज्या नळीवर बसते ती फ्रीहब बॉडी. तिच्यात स्प्रिंगने बाहेर ढकललेल्या छोट्या खिट्ट्या असतात, त्यांना पॉल म्हणतात. हबच्या आत दातेरी कडं असतं. पेडल मारता तेव्हा पॉल दात्यांत अडकतात आणि तुमचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. पेडल थांबवलं की चाक पुढे फिरत राहतं, पॉल दात्यांवरून घसरत जातात आणि प्रत्येक दात्यागणिक एक 'टिक' ऐकू येते.

काही हबमध्ये पॉलऐवजी समोरासमोर दाबलेल्या दोन दातेरी चकत्या असतात. डीटी स्विस या कंपनीचं स्टार रॅचेट याच प्रकारचं. 18 दात्यांच्या चकत्यांना परत पकड घ्यायला जास्तीत जास्त 20 अंश लागतात, 36 दात्यांच्या चकत्यांना 10 अंश. दाते वाढले की टिकटिक दाट होते.

2. आवाज हबचाच आहे हे कसं ओळखायचं?

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हबचे मुख्य बेअरिंग चाक फिरतं तेव्हा नेहमी फिरतात. फ्रीहबचे बेअरिंग मात्र फक्त पेडल थांबलेलं असतानाच फिरतात आणि पॉलही तेव्हाच दात्यांवरून घसरतात, कारण पेडल मारताना कॅसेट आणि हब एकत्रच फिरत असतात. बाकी सगळं निदान यावरून निघतं.

आवाज फक्त पेडल थांबवल्यावर येत असेल तर फ्रीहब तपासा. पेडल मारा किंवा थांबवा, आवाज येतच राहतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर मुख्य बेअरिंगवर संशय घ्या. पण त्याआधी ब्रेक पॅड किंवा मडगार्ड घासत नाही ना ते बघा. फक्त पेडल मारतानाच येणारा आवाज बहुधा हबच्या आतला नसतोच. तो चेन, गिअर बदलणाऱ्या डिरेलरची छोटी चाकं, बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यात फिरतात तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग), पेडल, सैल कॅसेट किंवा स्पोक यांपैकी कशाचा तरी असतो. पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येणारी 'कट' क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) बाजूची असते, चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येणारी चाकाची.

जमिनीवर खात्री करायची तर सायकलचं मागचं चाक उचलून हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सीटस्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे येणाऱ्या फ्रेमच्या नळीवर) अलगद टेकवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला कळण्याआधी बोटांना कळते. मग चाक बाहेर काढा आणि एक्सल दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा. फ्रेममध्ये चाक असताना लपलेला खडबडीतपणा इथे लपत नाही.

3. सर्व्हिसिंगनंतर टिकटिक एकदम कमी झाली. काही चुकलं का?

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. ताज्या ग्रीसचा थर पॉलचा आदळण्याचा आवाज दाबतो. जुनं ग्रीस धुऊन गेलेला हब आधी जास्तच वाजत असतो, त्यामुळे फरक मोठा वाटतो. काही राइडनंतर जास्तीचं ग्रीस बाजूला सरकतं आणि आवाज थोडा परत येतो.

शांत हब ठीक, पण पॉल अडकतायत की नाही हे तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. सायकलच्या बाजूला उभे राहा, मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि पेडलवर हाताने जोरात दाब द्या. ब्रेक सोडा, चाक थोडं पुढे सरकवा, पुन्हा दाबा. असं चाकाच्या पूर्ण फेरीत वेगवेगळ्या जागी करा. प्रत्येक वेळी पेडल लगेच आणि ठाम अडलं पाहिजे. एकदाही ते मऊ वाटलं किंवा घसरलं तर प्रश्न 7 बघा.

4. माझं उलट झालंय. आधी शांत असलेला हब आता कर्कश वाजतो. का?

पॉल सॉल्व्हंटने स्वच्छ धुतले आणि नंतर ऑइलचे दोन थेंबच टाकले, हे नेहमीचं कारण. पातळ ऑइल आवाज दाबत नाही. स्प्रिंग नव्या टाकल्या असतील तरी पॉल जास्त जोराने आपटतात. कार्बनची खोल रिम असेल तर तिचा पोकळ भाग आवाज आणखी मोठा करतो.

नुसत्या मोठ्या आवाजाने हबचं नुकसान होत नाही, आणि पातळ ऑइलवर चालणारे हब मुद्दाम तसे बनवलेले असतात. आवाज कोरडा, धातूवर धातू घासल्यासारखा असेल तर मात्र आत वंगणच पुरेसं नाही असं समजा.

5. पॉलना ग्रीस लावायचं की ऑइल?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि सर्वात जास्त हब इथेच बिघडतात. पॉल आणि बेअरिंग एकाच हबमध्ये असले तरी त्यांची गरज वेगळी आहे.

बेअरिंगला घट्ट ग्रीस लागतं. बाजारात एनएलजीआय 2 या दर्जाचं मिळतं ते योग्य (एनएलजीआय आकडा ग्रीसचा घट्टपणा सांगतो, आकडा कमी तितकं ग्रीस सैल). ते जागेवर टिकतं आणि पाणी अडवतं. पॉलला मात्र क्षणात उघडायचं असतं, आणि त्याला उघडणारी स्प्रिंग केसाएवढ्या तारेची असते. तिच्यासमोर घट्ट ग्रीसचा गोळा ठेवला तर पॉल अर्धवट उघडतो किंवा उघडतच नाही. म्हणून पॉलसाठी एनएलजीआय 0 किंवा 00 असं सैलसर, ओघळणारं ग्रीस, नाहीतर जाडसर ऑइल वापरतात. हबच्या कंपनीने स्वतःचं वंगण सांगितलं असेल तर तेच घ्या. डीटी स्विस स्टार रॅचेटसाठी वेगळं ग्रीस देते.

लावताना: पॉल ज्या खाचेत फिरतो तिथे ऑइलचा एक थेंब. पॉलच्या पाठीवर आणि कड्याच्या दात्यांवर लहान ब्रशने इतका पातळ थर, की खालचा धातू दिसत राहिला पाहिजे. दात्यांमधल्या घळी ग्रीसने बुजल्या असतील तर कापडाने पुसून घ्या. मग प्रत्येक पॉल नखाने दाबून सोडा. तो टचकन वर आला पाहिजे. सुस्तावून, हळूहळू वर येत असेल तर ग्रीस जास्त झालंय किंवा जास्त घट्ट आहे. हबवर ढकलून बसवण्याआधीची ही शेवटची संधी आहे, सोडू नका.

6. घरात मल्टिपर्पज ग्रीस, चेनचं ऑइल आणि गंज सोडवायचा स्प्रे आहे. यातलं काय चालेल?

ग्रीस लिथियमचं चांगल्या प्रतीचं असेल तर कप-कोनच्या (सुट्या छर्र्यांच्या, प्रश्न 10 बघा) बेअरिंगला चालेल, पॉलना नको. चेनचं साधं, ओलं राहणारं ऑइल पॉलवर चालतं, फक्त ते लवकर उडतं. मेणाचं चेन ल्यूब हबमध्ये अजिबात नको, ते वाळून पॉलच्या खाचेत थर धरतं.

स्प्रेबद्दल स्पष्ट सांगतो. डब्ल्यूडी-40चा नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला आणि पाणी हटवायला उत्तम आहे. पण हबच्या फटीतून आत मारला तर तो आतलं ग्रीस पातळ करून धुऊन काढतो आणि स्वतः टिकत नाही. थोडे दिवस हब छान फिरतो, आवाजही बदलतो, आणि त्यानंतर बेअरिंग कोरडे पडतात. हब उघडून भाग धुवायला वापरलात तर पूर्ण पुसून, वाळवून मगच ग्रीस भरा.

जुन्या ग्रीसवर वेगळ्या प्रकारचं नवं ग्रीस चढवू नका. लिथियम आणि पॉलियुरियासारखी काही ग्रीस एकत्र आली की मऊ होऊन वाहून जातात. जुनं पूर्ण काढणं हाच सोपा मार्ग आहे.

7. जोर लावला की मध्येच 'खट्' होतं आणि पाय एकदम रिकामा जातो. तरी चालवू का?

नको. या पानावरचा सर्वात गंभीर प्रश्न हा आहे. पॉल दात्यात पूर्ण न बसता टोकावर अडकतो आणि जोर आला की सुटतो. तुम्ही पेडलवर उभे असाल तर पाय खाली कोसळतो, छाती हँडलवर येते आणि तोल जातो. शिवाय प्रत्येक घसरणीला पॉलची आणि दात्याची धार गोल होत जाते, आणि धार गेल्यावर ग्रीस बदलूनही उपयोग होत नाही.

सर्व्हिसिंगनंतर लगेच हे सुरू झालं असेल तर कारण जवळजवळ नेहमी घट्ट किंवा जास्त ग्रीस, नाहीतर चुकीची बसलेली स्प्रिंग असतं (प्रश्न 9). उघडा, पुसा, प्रश्न 5 प्रमाणे लावा. सर्व्हिसिंगनंतर ठीक होतं आणि कडाक्याची थंडी पडल्यावर घसरायला लागलं, तरी संशय ग्रीसवरच घ्या. थंडीत ते आणखी घट्ट होतं.

एक अपवाद आहे. झिजलेली चेन आणि झिजलेली कॅसेट यांच्यातही असाच 'खट्' होतो. तिथे चेन कॅसेटच्या दात्यावरून उडी मारते, आणि ती सहसा एक-दोन ठरावीक गिअरमध्येच. फ्रीहबची घसरण सगळ्या गिअरमध्ये येते.

8. पेडल थांबवलं की चेन वरच्या बाजूला सैल पडून लोंबते. सायकल ढकलताना पेडल आपोआप फिरतात. का?

फ्रीहब मोकळा फिरत नाही, म्हणून चाक कॅसेटला आपल्याबरोबर ओढतं. नवं ग्रीस भरल्यावर किंवा नवा सील बसवल्यावर थोडं असं होणारच. चेन किंचित सैल पडून लगेच ताणली जात असेल तर काही राइड वाट बघा.

चेन फ्रेमवर आपटत असेल तर मात्र थांबू नका. रबरी सील कोरडा असेल तर त्याच्या ओठावर ग्रीसचं बोट फिरवल्याने काम होतं. ते न जमल्यास फ्रीहबच्या दोन बेअरिंगमधली छोटी नळी, म्हणजे स्पेसर, परत घातला का ते तपासा. धुताना हा तुकडा डब्यात किंवा कापडात राहून जातो. तो नसेल तर एक्सल आवळताच बेअरिंग आडवे दाबले जातात आणि फ्रीहब जड होतो. ओळखायची खूण अशी, की चाक हातात असताना फ्रीहब हलका फिरतो आणि फ्रेममध्ये आवळल्यावर अडतो.

9. टिकटिक येते, पण एकसारखी नाही. 'टिक-टिक, गप्प, टिक' अशी लंगडी.

एखादा पॉल काम करत नाहीये. त्याची स्प्रिंग जागेवरून निसटली आहे, पॉल उलटा बसलाय किंवा खाचेत जुनं घट्ट झालेलं ग्रीस आहे. काही हबमध्ये सगळ्या पॉलना मिळून एकच गोल स्प्रिंग असते. तिचं टोक ठरावीक खाचेतच यावं लागतं, नाहीतर एक पॉल दबलेलाच राहतो.

अशा हबवर सगळा जोर उरलेल्या पॉलवर येतो, म्हणून तो चालवून बघू नका, उघडून बघा. उघडताना पांढरं कापड खाली अंथरा. या स्प्रिंग हाताला जाणवत नाहीत इतक्या हलक्या असतात आणि उडाल्या की सापडत नाहीत. पहिल्यांदा उघडत असाल तर काहीही काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

काही हबमध्ये पॉल मुद्दाम आळीपाळीने अडकतील असे बसवलेले असतात. त्यांची टिकटिक दुहेरी वाटते, पण तिला ठेका असतो. लंगडी टिकटिक ठेका सोडते.

10. ग्रीस नवं भरलं तरी एक्सल फिरवताना खरखर लागते.

कप-कोनचा हब असेल तर आधी कोन बघा. कोन म्हणजे एक्सलवरचा तो निमुळता नट, ज्यावर छर्रे फिरतात. कोन पुसून उजेडात तिरका धरा. छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर चकचकीत रेषा असेल तर ठीक. खळगे किंवा उडालेले टवके दिसले तर तो कोन गेला. ग्रीस खळगा भरत नाही. कोन आणि छर्रे बदलता येतात, पण हबमधल्या वाटीला खळगे पडले असतील तर बहुतेक हबमध्ये ती बदलता येत नाही.

छर्रे नेहमी नवेच टाका. शिमानोच्या मागच्या हबमध्ये सहसा प्रत्येक बाजूला पाव इंचाचे (6.35 मिमी) 9 छर्रे असतात. नऊ बसवल्यावर थोडी जागा उरल्यासारखी दिसते, म्हणून दहावा कोंबायला जाऊ नका. दहावा घातला की छर्रे एकमेकांना घासतात आणि तीच खरखर पुन्हा जाणवते.

सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग असतील तर सील उघडून ग्रीस भरणं ही तात्पुरती सोय आहे. खरखर लागल्यावर बदलणंच योग्य. नंबर सीलवर छापलेला असतो. उदाहरणार्थ 6902 म्हणजे आतून 15, बाहेरून 28 आणि रुंदी 7 मिमी. नवा बेअरिंग बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्या. आतल्या रिंगवर ठोकलात तर नवाकोरा बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखर करतो.

11. कोन किती आवळायचे? चाकाला थोडा खेळ राहतो.

क्विक रिलीज (हाताच्या खटक्याने चाक आवळायची सोय) असलेल्या कप-कोन हबमध्ये चाक हातात असताना अगदी किंचित खेळ राहायलाच हवा. क्विक रिलीज आवळला की पोकळ एक्सल जरासा दबतो आणि तो खेळ संपतो. हातात असतानाच सगळा खेळ काढलात तर फ्रेममध्ये बेअरिंग दाबले जातात, हब जड होतो आणि कोन लवकर जातात.

शेवटची तपासणी चाक फ्रेममध्ये आवळूनच करा. रिम ब्रेकजवळ धरून आडवी हलवा. 'टक टक' लागली तर अजून आवळा, चाक हळू फिरवून सोडल्यावर अडखळत थांबलं तर सैल करा. कोन पान्याने धरून ठेवून लॉकनट आवळताना कोन बहुतेक वेळा थोडा फिरतोच, त्यामुळे दोन-चारदा करावं लागतं. त्यात घाई नको.

12. टिकटिक ठीक आहे, पण चढावर जोर लावला की 'कटकट' येते. सर्व्हिसिंगआधी नव्हती.

कॅसेट काढून परत बसवली होती ना? मग आधी लॉकरिंग, म्हणजे कॅसेट आवळून धरणारी बाहेरची रिंग, बघा. ती 40 न्यूटन-मीटरला आवळायची असते, म्हणजे हाताला वाटतं त्यापेक्षा बरीच घट्ट. आवळताना ती स्वतः कडकड वाजते, ते तिच्या खाचांमुळे.

लॉकरिंग घट्ट असूनही कॅसेटच्या चकत्या हाताने हलत असतील तर मागचा स्पेसर राहिलाय. 11 स्पीडच्या रोड फ्रीहबवर 8, 9 किंवा 10 स्पीडची कॅसेट बसवायला 1.85 मिमीचा स्पेसर लागतो. अॅल्युमिनियमच्या फ्रीहबवर कॅसेटने खाचा पाडल्या असतील तर त्याही वाजतात. बारीक कानशीने कडा साफ करून, पातळ ग्रीस लावून बसवा.

याने थांबलं नाही तर स्पोक एकमेकांवरून जातात त्या प्रत्येक जागी ऑइलचा अर्धा थेंब सोडा. हा आवाज हबचा समजून अनेकजण हब पुन्हा उघडतात.

13. उतारावर वेगात पेडल थांबवलं की हबमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो.

काही फ्रीहबमध्ये आतल्या टोकाला बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकची बुश असते. ती कोरडी पडली की वेगात असं ओरडते. तिथल्या तिथे उपाय म्हणजे हळूहळू पेडल मारत राहणं, म्हणजे फ्रीहब आणि हबमधला वेगाचा फरक कमी होतो. घरी आल्यावर फ्रीहब काढा, बुश साफ करा आणि कंपनीने सांगितलेलं पातळ ऑइल घाला. घट्ट ग्रीस इथे नको, कारण तेच ग्रीस शेजारच्या पॉलवरही जातं. बुश झिजून फ्रीहब डगमगत असेल तर ऑइलने थोडेच दिवस निभतं.

14. साध्या सायकलचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील उघडून ग्रीस भरायचं का?

गरज नाही. आत बारीक छर्र्यांच्या दोन रांगा असतात आणि परत बसवणं किचकट आहे. चाक आडवं ठेवा, फ्रीव्हीलचा स्थिर आणि फिरता भाग यांच्यातल्या फटीत जाडसर ऑइल सोडा, फ्रीव्हील उलटं फिरवत राहा, खालून काळं पाणी निघणं थांबलं की पुसा. फिरताना ते किंचित डुगडुगतं, ते चालतं.

15. डिस्क ब्रेक आहे. काही वेगळी काळजी?

रोटर (ब्रेकची चकती) काढून लांब ठेवा आणि ग्रीसचा हात पॅडला लावू नका. हबमध्ये वाजवीपेक्षा जास्त ऑइल घातलं तर ते सीलमधून झिरपून रोटरवर येऊ शकतं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पण ऑइल शोषलेले पॅड बहुधा बदलावेच लागतात.

16. माझा तीन गिअरचा आतल्या गिअरचा हब आहे. तो पेडल मारतानाच टिकटिकतो. प्रश्न 2 प्रमाणे हा बिघाड ना?

इथे प्रश्न 2 चा नियम लागू होत नाही. स्टर्मी-आर्चरच्या एडब्ल्यूसारख्या तीन गिअरच्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पेडल मारताना टिकटिक येते, कारण पहिल्या गिअरचे पॉल तेव्हा मोकळे घसरत असतात. पहिल्या गिअरमध्ये ती थांबते. टिकटिक अचानक बंद झाली आणि गिअर मध्येच सुटायला लागला, तर मात्र केबलची जुळवणी तपासा. जुन्या हबला तेलाचं छिद्र असतं. त्यात हलकं ऑइल थेंब-थेंब घाला. आतल्या पॉलना ग्रीस लावलं तर प्रश्न 7 मधलीच घसरण इथेही होते.

17. मागे पेडल दाबल्यावर ब्रेक लागतो असा हब आहे. ब्रेकच्या भागाला ग्रीस लावायला भीती वाटते.

भीती बरोबर वाटते, पण इथे नियम उलटा आहे. या हबचे ब्रेक शू धातूचे असतात आणि ते हबच्या आतल्या भिंतीवर ग्रीसमध्येच घासायला बनवलेले आहेत. कोरडे ठेवलेत तर ब्रेक किंचाळतो, झटका देतो आणि भिंतीवर ओरखडे पडतात. लांब उतारावर हा भाग खूप तापतो, म्हणून जास्त तापमान सोसणारं ग्रीस वापरा. शेवटी डाव्या बाजूचा ब्रेकचा दांडा फ्रेमला पट्टीने पक्का केलाय ना ते बघा. तो सुटा राहिला तर ब्रेक लावताच दांडा गरकन फिरतो आणि ब्रेक लागत नाही.